विद्येसाठी काढलेले ऋण

कर्ज या शब्दाचे आपणां मराठी माणसांस उपजतच भय वाटते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, अशी वचने आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ती खरीही आहेत. परंतु त्याच वडीलधाऱ्यांनी आपणांस असेही सांगितले आहे की, मनुष्य जन्माला येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो, आणि विद्या संपादन करून ती पुढच्यांस दिल्याने ऋषिऋण फिटते. तेव्हा विद्येसाठी घेतलेले ऋण हे सणासाठी घेतलेल्या ऋणाहून निराळे मानावयास आपल्या परंपरेतच आधार आहे.

आज शाळा सोडल्यानंतर अनेक विद्यार्थ्यांस बँकेचे कर्ज काढूनच पुढील शिक्षण घ्यावे लागते. त्या कागदावर सही करताना वडिलांचा हात अडखळतो आणि मुलाच्या मनात धास्ती उत्पन्न होते. हे ओझे आपणांस पेलेल काय, पेलावयाचे तर कसे, असा प्रश्न त्याला पडतो. विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्यांच्या चरित्राकडे पाहावे असे एक थोर पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ऐन तारुण्याची दहा वर्षे, शिक्षणासाठी घेतलेल्या पैशाचे ओझे त्यांच्या माथ्यावर होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या ऋणाचा पहिला करार आपल्या बडोदे संस्थानाशी झाला होता. म्हणून आपणां बडोदेकरांस ती कथा अधिकच जवळची आहे, आणि थोडी लाजविणारीही आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदाराच्या हुद्द्यावर असून लष्करी शाळेत शिक्षक होते. ते सेवानिवृत्त झाल्यानंतर कुटुंब दापोली, सातारा असे फिरत अखेर मुंबईस आले. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत म्हणजे काय ती पेन्शन. मुलाला पुस्तकांचा नाद विलक्षण. एखादे पुस्तक त्याला हवे असले आणि हाती पैसा नसला, म्हणजे रामजी आपल्या विवाहित कन्येकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती पडताच दागिना सोडवून तिला परत करीत. कर्ज कशासाठी काढावे आणि ते कसे फेडावे, याचा पहिला धडा भीमरावांनी असा घरातच गिरविला. पुस्तकासाठी दागिना गहाण पडला, आणि पेन्शन आली त्या दिवशी तो सुटला. या व्यवहारात लपविण्यासारखे काही नव्हते आणि लांबविण्यासारखेही काही नव्हते.

एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाल्यानंतर त्यांच्या पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर या विद्याव्यासंगी गृहस्थांनी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडे या मुलाची शिफारस केली. महाराजांनी त्यास दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजात बी. ए. पर्यंतचे शिक्षण पार पडले. पदवीची परीक्षा होताच, वडिलांची फारशी इच्छा नसतानाही, जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानाच्या नोकरीत दाखल झाले. परंतु लागलीच वडील आजारी असल्याची तार आली, ते मुंबईस परतले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. दागिने गहाण टाकून पुस्तके आणणारा हात नाहीसा झाला.

त्याच वर्षी महाराजांनी काही होतकरू विद्यार्थ्यांस अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, म्हणजे त्या काळच्या दराने सुमारे पावणेदोनशे रुपये, तीन वर्षे मिळावयाचे आणि शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने १० वर्षे बडोदे संस्थानाची चाकरी करावयाची, अशी त्यातील मुख्य अट होती. लोक याला शिष्यवृत्ती म्हणतात. परंतु नीट पाहिले असता ते एक प्रकारचे कर्जच होते. फेड पैशात करावयाची नसून आयुष्यातील दहा वर्षांत करावयाची होती, एवढाच काय तो फरक. बावीस वर्षांच्या तरुणाने ती अट वाचली, समजून घेतली आणि तीवर सही केली.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मिळणाऱ्या रकमेतून स्वतःचा खर्च भागवावयाचा आणि शिवाय घरी पत्नी रमाबाईंकडे पैसे पाठवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्या शहरात तरुणास मोह पडावा अशा गोष्टींची वाण नव्हती. पण भीमरावांची चैन एकच होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून स्वस्तात मिळतील तेवढे ग्रंथ घेणे. असे सुमारे २००० ग्रंथ त्यांनी जमविले. दिवसाचे सोळा-अठरा तास अभ्यास करून १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली आणि जून १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरील आपला प्रबंध पुरा केला. तेथून ते लंडनला गेले. अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु अभ्यास अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानाने त्यांना परत बोलाविले. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी एक गोष्ट मात्र मागून घेतली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांना मिळाली. दार लोटले गेले, पण कडी लागली नाही.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. भीमराव एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने. ही दुसरी बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडविली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळसे समुद्राच्या तळाशी गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले तेव्हा बडोद्यास जाण्यापुरतेही पैसे त्यांच्यापाशी नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले, त्यांतून घरखर्चाची व्यवस्था लावून ते कराराप्रमाणे चाकरीवर रुजू होण्यास निघाले.

येथून पुढचा भाग आपण बडोदेकरांनी मान खाली घालून वाचावयाचा आहे. कोलंबियाची उच्च पदवी मिळविण्याइतकी तयारी करून आलेला हा तरुण महाराजांच्या लष्करी चिटणिसाच्या जागेवर नेमला गेला. परंतु जन्माने महार असल्यामुळे गावात त्याला राहावयास घर मिळेना. कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. पाणी पिण्याची पंचाईत होई. अखेर एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देऊन त्याने आसरा मिळविला. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीस जाण्याच्या वेळी हाती काठ्या घेतलेले दहा-बारा लोक येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजाविले. भीमरावांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्री नऊच्या गाडीपर्यंत पाच तास काढावयाचे होते. ते त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे ज्या सयाजीबागेत आपण आज सुटीच्या दिवशी हसतखेळत जातो त्याच बागेत, एकट्याने बसून काढले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगाचा विचार आपण बहुधा अस्पृश्यतेच्या अंगाने करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ऋणाच्या अंगानेही तो करून पाहावा. ज्याने घेतले होते तो फेडावयास आपण होऊन आला होता. त्याला आपली दहा वर्षे द्यावयाची होती, आणि ती देण्यासाठी त्याला या नगरीत डोक्यावर एक छप्पर हवे होते. ते नगरीने दिले नाही. महाराजांचे मन मोठे होते; पण एका राजाच्या औदार्याने साऱ्या गावाचे मन बदलत नाही. करार अपुरा राहिला, संस्थानाच्या दप्तरात ते येणे उभे राहिले आणि पुढे परतफेडीची विचारणाही झाली. मग या व्यवहारात थकबाकीदार कोण ठरतो, भीमराव की बडोदे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशीच विचारावा.

मुंबईस परतलेल्या भीमरावांपुढे आता दोन ओझी होती. संसार चालवावयाचा होता आणि लंडनचा अर्धवट अभ्यास पुरा करावयाचा होता. त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. परंतु सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना दोन वर्षांसाठी मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये होता. त्या काळी एवढा पगार मिळविणारा गृहस्थ सहज बंगल्यात राहिला असता. भीमराव परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. रमाबाई ठराविक रकमेत घर चालवीत आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूस पडे. मिळकत वाढली तरी राहणी वाढू द्यावयाची नाही, हा निश्चय उच्चारण्यास सोपा आहे; पण तो पाळताना घरातील बाईला किती गोष्टींवाचून राहावे लागले असेल याची कल्पना आपल्या मातांना विचारून करावी.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. गाठीस साठविलेला पैसा होता, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य मिळाले होते, आणि तरीही रक्कम कमी पडत होती. तेव्हा कोलंबियात असताना त्यांच्या खोलीत राहिलेले मित्र नवल भथेना यांच्याकडून त्यांनी ५००० रुपये कर्जाऊ घेतले. बडोद्यात ज्या समाजाच्या लोकांनी त्यांना विश्रांतिगृहातून बाहेर काढले, त्याच पारशी समाजातील हा मित्र होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा बोटीवर चढले.

लंडनमधील त्यांची दिनचर्या त्यांच्या चरित्रकारांनी वर्णिली आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडे मासे आणि चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडण्याच्या वेळी तेथे हजर राहत आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत उठत नसत. वाहनाचे भाडे वाचविण्यासाठी ते पायी चालत. रात्री बोव्हरिलचा पेला व बिस्किटे यांवर भागवीत आणि भूक लागलीच तर ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खात. खोलीतील सोबती रात्री उशिरा जागा होऊन त्यांना निजावयास सांगे, तेव्हा आपल्यापाशी पैसाही नाही आणि वेळही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळे. त्या उत्तरात त्यांचा सारा हिशेब सामावलेला आहे. उसना आणलेला पैसा म्हणजे विकत घेतलेले दिवस. एक दिवस वाया गेला म्हणजे कर्जाचा तेवढा भाग वाया गेला.

याच काळात एक असे संकट आले की, ज्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. सरकारने १९२० मध्ये रुपयाचा दर २ शिलिंग ठरविला होता. परंतु बाजारात तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये तो १ शिलिंग ४ पेन्सांच्या आसपास उतरला. गणिताची आवड असणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. २ शिलिंगांच्या दराने १० रुपयांस १ पौंड मिळे. उतरलेल्या दराने त्याच पौंडास १५ रुपये मोजावे लागत. म्हणजे ५००० रुपयांचे जेथे ५०० पौंड व्हावयाचे, तेथे सुमारे ३३३ पौंडच हाती यावयाचे. हिंदुस्थानात साठविलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा असा हवेत विरून गेला. आणि योगायोग पाहा, हाच विद्यार्थी त्या वेळी रुपयाच्या प्रश्नावरच आपला प्रबंध लिहीत होता. ज्या दुखण्याची चिकित्सा तो ग्रंथांत करीत होता, ते दुखणे त्याच्या स्वतःच्या खिशातही होते.

अशा वेळी भीमरावांनी काय केले? त्यांनी अडचण लपविली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांस पत्र लिहून हुंडणावळीच्या दरामुळे ओढवलेली स्थिती सांगितली, किती रक्कम हवी आणि ती कशासाठी, हे स्पष्ट केले, आणि २०० पौंड कर्जाऊ मागून ते व्याजासह परत करण्याचे कबूल केले. भथेनांस लिहिलेल्या पत्रातही, आपण मित्रास देत असलेला त्रास कोणाही मित्राने सोसावा त्याहून अधिक आहे याची जाणीव त्यांनी मोकळेपणाने प्रकट केली. धनकोपासून तोंड चुकविणारा ऋणको आपण पुष्कळ पाहतो. तोंड चुकविल्याने कर्ज कमी होत नाही. विश्वास मात्र कमी होतो, आणि विश्वास गेला म्हणजे पुढचे दार बंद होते.

जून १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. ची पदवी घेतली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. तोवर जवळचा पैसा संपत आला होता. तेव्हा लंडनमध्ये आणखी कर्ज काढून राहण्याऐवजी ते एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठविला. तो मान्य होऊन त्याच वर्षाअखेर पदवी मिळाली. जगातील दोन श्रेष्ठ विद्यापीठांत शिकून आलेल्या या बॅरिस्टरापाशी वकिलीची सनद घेण्यापुरते पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. पुढे वकिलीचा जम बसेपर्यंत त्यांनी १९२५ ते १९२८ या काळात एका हिशेबनीसांच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन केले.

या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? पुष्कळांच्या मनात येईल की, एवढी बुद्धिमत्ता आपणांपाशी कोठे आहे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींत बुद्धिमत्तेचा भाग थोडा आहे. करार वाचून सही करणे, खर्चाची मर्यादा आधी आखणे, मिळकत वाढल्यावरही राहणी तीच ठेवणे, नवे कर्ज काढण्याआधी स्वतः कमावून काही साठविणे, दर उतरला किंवा मुदत हुकू लागली की देणाऱ्यास वेळीच कळविणे, आणि पैसे संपत आले असता अभ्यास न सोडता ठिकाण बदलणे, या गोष्टी साधारण बुद्धीच्या विद्यार्थ्यासही करता येतात. त्यांना लागते ती चिकाटी. दुसरी गोष्ट आपणां धडधाकट परिस्थितीतील लोकांसाठी आहे. एखादा गरीब विद्यार्थी कर्ज काढून शिकून येतो, तेव्हा त्याला ते फेडता यावे अशी जागा देणे हे समाजाचे काम आहे. छप्पर नाकारावयाचे आणि वर थकबाकीबद्दल बोट दाखवावयाचे, हा न्याय नव्हे.

बडोद्याने असे वागविल्यावरही भीमरावांनी सयाजीराव महाराजांचे उपकार नाकारले नाहीत. कोलंबियात लिहिलेला प्रबंध १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आपल्या शिक्षणास साहाय्य केल्याबद्दल कृतज्ञता म्हणून महाराजांस अर्पण केला. छापील ग्रंथ विद्यापीठास सादर झाल्यावर १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच. डी. ची पदवी रीतसर दिली.

पण खरी फेड याहूनही मोठी आहे. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षास ३ लाख रुपयांची तरतूद केली आणि त्यातून काही विद्यार्थी परदेशीही गेले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. परंतु त्या शिष्यवृत्त्यांवर आणि त्या महाविद्यालयांत शिकलेल्या मुलांनी आपल्या घराण्यातील पहिली पदवी घरी नेली.

रामजी सुभेदार लेकीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि वेळेवर तो सोडवीत. त्यांच्या मुलाने आपले ऋण पुढच्या पिढीच्या नावावर जमा केले. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी कर्जाच्या कागदावर सही करील, तर त्याने भिऊ नये आणि बेफिकीरही राहू नये. रक्कम, मुदत आणि व्याज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आणि जमल्यास सुटीच्या दिवशी सयाजीबागेतील त्या झाडाखाली पाच मिनिटे बसून यावे.